बोटीचे इंजिन : दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

पूर ओसरतो. पंचनामे होतात, मदतीच्या याद्या लागतात, पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या येतात आणि जातात. या सर्व गडबडीत एका वस्तूकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पुरात उलटलेल्या किंवा ओंडक्यावर आदळलेल्या बोटीचे इंजिन कोठेतरी ताडपत्रीखाली पडून राहते. ते दुरुस्त करावयाचे की त्याच्या जागी नवे आणावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता एखाद्या कारागिराने सोडवावा इतका किरकोळ वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचेच उदाहरण आहे, आणि वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने तर तो जिवाचा प्रश्न आहे.

वडसा हे गाव वैनगंगेच्या पूर्व तीरावर वसलेले आहे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्याचा ब्रह्मपुरी तालुका आणि नदीच्या वरच्या अंगाला भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, तेथील संजय सरोवराचे पाणी खाली आले, गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. येथे आभाळ कोरडे असतानाही नदी चढू शकते, हे त्या पुराने सर्वांना शिकविले. लाडजसारखे गाव तर वैनगंगेच्या पात्रानेच वेढलेले आहे. अशा गावी पाणी चढू लागले म्हणजे रस्ता, एसटी, दुचाकी ही सारी साधने एकाच वेळी निरुपयोगी होतात आणि उरते ती फक्त नाव.

नदीवरील जोखीम पावसाळ्यापुरतीही मर्यादित नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ, पलीकडच्या शेतात मिरची तोडण्यासाठी निघालेल्या सहा महिला नाव उलटून वैनगंगेत बुडाल्या. त्या दुर्घटनेचा इंजिनाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु अशा वेळी शोध व बचावाची बोट तत्काळ निघू शकते की नाही, हा प्रश्न उरतोच. ती निघणे न निघणे बऱ्याच अंशी तिच्या मागे अडकविलेल्या इंजिनावर अवलंबून असते.

यंत्र बुडते तेव्हा काय होते?

नावेच्या मागील फळीवर बाहेरून अडकवावयाचे हे यंत्र आउटबोर्ड इंजिन या नावाने सर्वत्र ओळखले जाते. ओल एव्हिनरूड या नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकन कारागिराने १९०९ च्या सुमारास ते व्यापारी प्रमाणावर विक्रीस आणले. वर पेट्रोलवर चालणारे इंजिन, मधून खाली उतरणारा दांडा, तळाशी गिअरची पेटी आणि पाणी मागे लोटणारा पंखा, अशी त्याची साधी रचना असते. इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचेच पाणी आत ओढले जाते आणि हे काम रबरी पाकळ्यांचा एक छोटा पंप करतो. वैनगंगेच्या पुरात येणारी वाळू व गाळ प्रथम या पाकळ्यांवर घाला घालतात. पाकळ्या झिजल्या की इंजिन तापते आणि तापलेल्या इंजिनाचा पिस्टन अडकून बसतो. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी भागाची हेळसांड झाली म्हणजे हजारो रुपयांचे नुकसान होते, ते असे.

बोट उलटली म्हणजे प्रकरण अधिक गंभीर होते. इंजिन बंद असताना बुडाले असेल, तर पाणी आत शिरते पण सुटे भाग बहुधा शाबूत राहतात. चालू असतानाच बुडाले, तर सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा वाकू शकतो. अशा यंत्राला दोरी ओढून जबरदस्तीने चालू करण्याचा प्रयत्न म्हणजे नुकसानीत भर. दोन्ही प्रकारांत खरा शत्रू पाणी नसून वेळ आहे. यंत्र बाहेर काढल्यानंतर काही तासांच्या आत प्लग काढून पाणी निथळविले, स्वच्छ पाण्याने वाळू धुऊन काढली, आत तेल सोडले, हाताने फिरवून पाहिले आणि सर्व ठीक असल्यास चालवून कोरडे केले, तर ते पुष्कळदा वाचते. हवा व ओल यांच्या संगतीत ते आठवडाभर पडले, की बेअरिंगे गंजतात आणि जे काम थोडक्यात आटोपले असते त्यासाठी सगळे इंजिन उघडावे लागते.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. 'दुरुस्त करावे की नवे घ्यावे' हा निर्णय कार्यालयात टिपणी लिहिली जाते त्या दिवशी होत नाही. तो पुराच्या दिवशी, नदीच्या काठावर, पहिल्या काही तासांतच बऱ्याच अंशी होऊन गेलेला असतो.

निम्म्या किमतीचा नियम

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर नवे घ्यावे, असा एक ढोबळ नियम कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून प्रचलित आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको, हेच त्यामागील शहाणपण. नियम सोपा आहे म्हणून लोकप्रिय आहे. पण तो दोन महत्त्वाच्या गोष्टी विचारात घेत नाही. दुरुस्त केलेले यंत्र किती वर्षे चालेल आणि पैसा कोणत्या व्याजाने उभा करावा लागेल, याबद्दल तो मौन पाळतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, नव्या इंजिनाची किंमत अडीच लाख रुपये आहे आणि ते दहा वर्षे चालेल. जुने बिघडलेले इंजिन विकले तर वीस हजार रुपये येतील, म्हणजे पदरचे २ लाख ३० हजार घालावे लागतील. जुनेच दुरुस्त करावयाचे तर ९० हजार रुपये खर्च आहे आणि ते तीन वर्षे चालेल. निम्म्या किमतीच्या नियमाप्रमाणे दुरुस्तीच योग्य. आता हा खर्च वार्षिक हप्त्यांत मांडून पाहू. ज्याला ७ टक्के व्याजाने पैसा मिळतो त्याला नवे इंजिन वर्षाला सुमारे ३२,७०० रुपयांस पडते आणि दुरुस्त केलेले सुमारे ३४,३०० रुपयांस. नवे किंचित स्वस्त ठरते. परंतु ज्याला सावकाराकडून किंवा एखाद्या वित्तसंस्थेकडून २४ टक्क्यांनी कर्ज काढावे लागते, त्याला नवे इंजिन वर्षाला सुमारे ६२,५०० रुपयांस पडते आणि दुरुस्तीचे सुमारे ४५,४०० रुपयांस. त्याच्या दृष्टीने दुरुस्तीच निःसंशय फायद्याची.

इंजिन तेच, मोड तीच, कारागीरही तोच. तरीही दोघांची उत्तरे भिन्न आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. कोकणच्या किनाऱ्यावरील छोटा मच्छीमार आपले जुने इंजिन पुन्हापुन्हा उघडतो तेव्हा त्याला आपण अडाणी म्हणतो, हे म्हणूनच अन्यायाचे आहे. महाग पैशाच्या जगात तो अचूक हिशेब करीत असतो. दुरुस्ती ही हप्त्याहप्त्याने विकत घेता येणारी वस्तू आहे. नवे यंत्र तशा रीतीने मिळत नाही. त्याचा दोष हिशेबात नाही, व्याजाच्या दरात आहे. त्याला उपदेशाची गरज नाही. स्वस्त कर्जाची आहे.

या उदाहरणात आणखी एक पथ्य पाळले आहे, तेही सांगितले पाहिजे. जुन्या इंजिनावर आजवर किती खर्च झाला, याचा आकडा त्यात कोठेच नाही. "गेल्या वर्षीच चाळीस हजार घातले, आता टाकून कसे द्यायचे?" हा युक्तिवाद घरात, कचेरीत आणि मंत्रालयातही ऐकू येतो. जो खर्च कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो निर्णयात धरावयाचा नसतो. बुडालेला पैसा वर काढण्यासाठी आणखी पैसा पाण्यात टाकणे, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. धरणांपासून पंपांपर्यंत तिचे दर्शन घडते.

परदेशी नियम आणि देशी वस्तुस्थिती

पाश्चात्त्य देशांत अशा यंत्रांच्या बाबतीत नव्या खरेदीकडे कल अधिक दिसतो. तेथे कारागिराचा तास महाग आणि यंत्र त्या मानाने स्वस्त. आपल्याकडे उलट आहे. वडशातील भातगिरण्यांची यंत्रे, शेतीपंपांच्या मोटारी, झाडीपट्टीच्या नाटकांना वीज पुरविणारी जनित्रे यांची वर्षानुवर्षे देखभाल करणारे हात येथेच आहेत आणि त्यांची मजुरी परवडणारी आहे. महाग आहेत ते सुटे भाग. बोटीची इंजिने बहुतांशी आयात होतात. त्यांचे सुटे भाग आणि त्यांत मुरलेला कारागीर, दोन्ही बंदरांच्या गावी सापडतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या जंगल जिल्ह्यात म्हणून दुरुस्तीचा खरा खर्च मजुरीत नसतो, तो वाट पाहण्यात असतो. एका पिस्टन रिंगसाठी यंत्र दोन महिने अडकले आणि ते दोन महिने जुलै-ऑगस्टचे असले, तर त्या दुरुस्तीची किंमत कोणत्या दरपत्रकात लिहिणार?

सुट्या भागांचा प्रश्न केवळ अंतराचा नाही. ज्या एव्हिनरूडच्या नावाने हे यंत्र जगभर पोचले, त्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. शंभर वर्षांहून जुने नावही चिरंतन नसते, हा त्यातील धडा. दुरुस्ती करावी की नाही हे ठरविताना त्या जातीच्या यंत्राचे भाग पुढील पाच वर्षे मिळतील काय, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारला पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळही सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि मोटारवाहने यांचा प्राधान्याने विचार झाला. बचावकार्याच्या साधनांनाही हाच न्याय लावणे अगत्याचे आहे.

नवे घ्यावयाचे ठरले तरी तेथेही विचार हवा. जुन्या बोटीच्या मागील फळीची उंची आणि नव्या इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळावी लागते. आखूड दांडा सुमारे पंधरा इंचांचा, तर लांब वीस इंचांचा असतो. चार-स्ट्रोकचे इंजिन इंधन कमी खाते, धूर कमी करते, पण दोन-स्ट्रोकपेक्षा सामान्यतः जड असते. रोज समुद्रात जाणाऱ्याला इंधनाची ही बचत काही वर्षांत किंमत भरून देईल. वर्षात थोडेच तास चालणाऱ्या बचावबोटीला तिचा लाभ नगण्य. तिथे हलकेपणा आणि साधेपणा यांचे मोल अधिक. एकाच यंत्राचे गुण उपयोगानुसार बदलतात, हे खरेदीचे मापदंड ठरविणाऱ्यांनी विसरू नये.

सरकारी तिजोरीचा कल

आता त्या ताडपत्रीखालील इंजिनाकडे परत येऊ. ते सरकारी आहे, म्हणजे त्याच्या मालकाला पैसा स्वस्त दराने मिळतो. आपल्या उदाहरणाप्रमाणे तेथे नवी खरेदी किंचित फायद्याची ठरावी. पण ते गणित एका गृहीतावर उभे होते. नवे इंजिन दहा वर्षे चालेल, हे ते गृहीत. देखभालीअभावी ते पाचच वर्षे चालले, तर त्याच ७ टक्के व्याजाने त्याचा वार्षिक भार सुमारे ५६,१०० रुपये होतो. दुरुस्तीपेक्षा जवळजवळ दोन-तृतीयांशाने अधिक! म्हणजे यंत्र नवे की जुने, यापेक्षा त्याची निगा राखली जाते की नाही, यावरच खर्चाचा निकाल लागतो.

आणि निगेच्या बाबतीत आपली अर्थसंकल्पीय पद्धती उदासीन आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे निर्माण केली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालखंडासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी सुचविताना एकूण रकमेच्या १० टक्के सज्जता व क्षमतावृद्धीसाठी ठेवले. तत्त्व उत्तम आहे. पण सज्जता म्हणजे साधनांची खरेदी, असाच अर्थ व्यवहारात लावण्याचा मोह होतो. खरेदी दिसते, तिचे छायाचित्र निघते, तिची नोंद जडसंग्रह नोंदवहीत चढते. पंपाच्या रबरी पाकळ्या बदलल्या, गिअरचे तेल बदलले, याची कोण दखल घेणार?

यात केवळ वृत्तीचा दोष नाही, नियमांचीही अडचण आहे. आमच्या कारकून बंधूंना ती चांगली ठाऊक असेल. नव्या इंजिनाची किंमत आधी समजते. निविदा काढता येते, दर तोलता येतात, लेखापरीक्षणाला उत्तर देता येते. दुरुस्तीचा खर्च मात्र इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि मंजुरीशिवाय ते उघडता येत नाही. एका कारागिराने उघडून पसरलेल्या इंजिनाची तीन दरपत्रके आणावयाची कोठून? साहजिकच सावध कर्मचारी प्रकरण लांबवितो. लांबलेल्या काळात गंज वाढतो आणि अखेरीस निर्लेखनाचा प्रस्ताव हाच एकमेव सुरक्षित मार्ग उरतो. कोणीही नियम मोडलेला नसतो. फक्त इंजिन मोडलेले असते.

गरीब मच्छीमार दुरुस्ती करतो, कारण एकरकमी पैसा त्याच्याजवळ नसतो. सरकार नवे घेते, कारण किरकोळ पैसा वेळेवर खर्च करण्याची मुभा त्याच्याजवळ नसते. एकाची अडचण दारिद्र्याची, दुसऱ्याची कार्यपद्धतीची. दोघांनाही यंत्राच्या प्रकृतीपेक्षा पैशाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा लागतो.

वापर हीच देखभाल

यावर उपाय काय? केरळातील २०१८ च्या महापुराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या वेळी समुद्रकिनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या नावा ट्रकवर घालून अंतर्भागात नेल्या आणि राज्य सरकारच्या सांगण्यानुसार सुमारे ६५ हजार लोकांना वाचविले. त्यांच्या नावा नव्या नव्हत्या. इंजिने तर पुष्कळदा दुरुस्त केलेली असणार. पण ती रोज चालत होती आणि चालविणाऱ्याला त्यांचा प्रत्येक आवाज ओळखीचा होता. उलट, वर्षभर कोठारात ठेवलेले कोरे करकरीत इंजिन ऐन वेळी दगा देऊ शकते. टाकीतील पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटा बसतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून साठविलेल्या इंधनाची काळजी पूर्वीपेक्षा अधिक घ्यावी लागते. न वापरणे म्हणजे जपणे नव्हे.

म्हणून काही साध्या सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. एक, बुडालेल्या इंजिनावर तातडीचे उपचार करण्यासाठी तालुका पातळीवर एक छोटी रक्कम पूर्वमंजुरीशिवाय खर्च करण्याची मुभा असावी आणि इंजिन उघडून तपासण्याचा खर्च दुरुस्तीहून वेगळा मानला जावा. दोन, खरेदीच्या प्रत्येक मंजुरीबरोबरच किमतीच्या ठराविक टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बांधलेली असावी; ज्या खरेदीसोबत ती तरतूद नाही ती खरेदी अपुरी समजावी. तीन, एका जिल्ह्यात शक्यतो एकाच जातीची इंजिने असावीत, म्हणजे एका मोडक्या इंजिनाचे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतील. चार, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना आणि गावातील दुचाकी-पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना या यंत्राचे शिक्षण द्यावे. दोन-स्ट्रोकचे इंजिन त्यांना परके नाही.

पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची. वैनगंगेचे पात्र ज्यांना तळहाताप्रमाणे ठाऊक आहे, ते ढिवर बांधव बहुतांशी आजही वल्ह्यावर आणि बांबूवर नावा चालवितात. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे या बोटी करारावर का सोपवू नयेत? त्यांनी त्या नियमित चालवाव्यात, चालविलेल्या तासांची नोंद ठेवावी, आणि पुराचा इशारा मिळताच बोट माणसांसह प्रशासनाच्या हाती द्यावी. त्यांना मानधन मिळेल, यंत्र चालते राहील आणि संकटाच्या क्षणी सुकाणू नवख्याच्या हाती असणार नाही. यावर जबाबदारी, विमा, गैरवापर असे आक्षेप निघतील. ते खोटे नाहीत. पण ते कराराच्या कलमांनी सुटण्यासारखे आहेत. गंजलेल्या इंजिनाचा आक्षेप कोणत्याही कलमाने सुटत नाही.

मग ताडपत्रीखालील त्या इंजिनाचे काय करावे? उत्तर असे की, प्रथम ते उघडावे. दांडा व सिलिंडर शाबूत असतील, सुटे भाग पावसाळ्यापूर्वी हाती येणार असतील, तर दुरुस्त करावे आणि सरावासाठी व जोडीचे इंजिन म्हणून ठेवावे. पुराच्या तोंडावर केवळ त्याच्या भरवशावर बोट पाठवू नये. भाग मिळणार नसतील, तर झालेल्या खर्चाचे दुःख न करता ते मोडीत काढावे, उपयोगी सुटे भाग जपावेत आणि नवे घ्यावे. दोन्हींपैकी काहीही केले, तरी निर्णय फेब्रुवारीत व्हावा, जुलैत नव्हे.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही घसाऱ्याची व्याख्या शिकवितो. वापराने व कालगतीने भांडवलाची होणारी झीज, असे विद्यार्थी फळ्यावरून उतरवून घेतात. या व्याख्येत हेळसांडीने होणाऱ्या झिजेचा उल्लेख नसतो. आपल्या सार्वजनिक मालमत्तेची मोठी झीज मात्र त्याच वाटेने होते, आणि तिची किंमत वहीत कोठेच दिसत नाही. ती एखाद्या रात्री, पाणी उंबरठ्याला लागलेले असताना, छपरावर बसून बोटीच्या आवाजाकडे कान लावणारे कुटुंब चुकविते.